सणाशिवाय आलेली लेक

पंचमीला लेक येते तेव्हा तिला आणायला भाऊ जातो. दिवाळीला येते तेव्हा आठ दिवस आधीपासून घरात तिचं नाव निघत असतं. बाळंतपणाला येते तेव्हा सोबत सासू नाहीतर नणंद असते. पण कधीतरी आषाढातल्या एखाद्या दुपारी, कुठलाही सण नसताना, ती एकटीच फाट्यावर एसटीतून उतरते. कडेवर पोर, हातात एक प्लास्टिकची पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. वाटेत भेटेल त्याला "सहज आले" म्हणत ती घराकडे चालू लागते.

आईला दारातच कळतं. तरी चहाचं आधण ठेवता ठेवता ती विचारते, "एकटीच? पाव्हणे नाही आले?" आणि बाप खाटेवर उठून बसत, नजर दुसरीकडे ठेवून विचारतो, "किती दिवस आहेस?"

माय-बापांनो, आज मला या दोन प्रश्नांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या पोटात तेव्हा काय कालवतं ते मला माहीत आहे. तुम्ही दगडाच्या काळजाचे नाही. पण लेकीच्या कानाला त्या दोन प्रश्नांतून एकच गोष्ट ऐकू येते, की परत कधी जाणार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत बाई म्हणून नोकरी केली. तुमच्या पोरींच्या हाताला धरून मी त्यांना अ-आ-ई गिरवायला लावलं आहे. त्यातली एक मला आजही झोपू देत नाही. तिचं नाव सांगत नाही. अक्षर मोत्यासारखं होतं, परिपाठाला बातम्या तीच वाचायची. नववीनंतर तिचं लग्न झालं. वर्षभरात ती माहेरी आली, सणाशिवाय. चार दिवस ठेवून, साडी नेसवून, वडिलांनी तिला पोचतं केलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा दंडावर वळ होते. त्या वेळी तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली, दोन शब्द समजुतीचे सांगा म्हणाली. मी सांगितले. "थोडं सोस, बाळ झालं की माणूस निवळतो." हे मी म्हणाले. शिकलेली, पगार घेणारी, आठ मार्चला मुलींसमोर भाषण करणारी मी.

ती पुन्हा आली नाही. आम्हाला वाटलं, निवळलं असेल. सात-आठ वर्षांनी तालुक्याच्या स्टँडवर भेटली. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. मी म्हणाले, बरं आहे ना गं आता? ती म्हणाली, "तिसऱ्यांदा आलेच नाही बाई. येऊ कुठं?"

त्या दिवसापासून मी ठरवलं, की पालकांशी बोलायचं तर आधी हे बोलायचं, गुणपत्रिका नंतर.

पहिली गोष्ट. लेक पहिल्या खेपेला कधीच सरळ सांगत नाही. "तिथं करमत नाही", "डोकं लई दुखतं", "आई, तू ये ना चार दिवस राहायला." फोनवर हे शब्द आले की ते सांगणंच आहे असं धरा. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरच्या निवडक घरांत जाऊन नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेबद्दलही विचारलं गेलं. लग्न झालेल्या बायकांपैकी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण खेड्यांत 31.6 टक्के निघालं, शहरांत 24.2. आपल्या महाराष्ट्रात खेडी-शहरं मिळून साधारण चारात एक. तुमच्या आळीतली घरं मोजून बघा. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त लागला. मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेल्या शंभरांतल्या 77 जणींनी कधी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या फक्त 14. आणि त्या सगळ्यात जास्त कुठं गेल्या? माहेरी. पोलीस, डॉक्टर, वकील फार नंतर. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा पहिला दरवाजा तुमच्या घराचा आहे.

त्या दरवाजात आपण तिला विचारतो, "पण तू काय केलंस?"

हा प्रश्न सासरीही विचारला जातो, माहेरीही. त्या सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवून विचारलं होतं, यातल्या एखाद्या कारणासाठी नवऱ्यानं मारलं तर ते योग्य का? न सांगता बाहेर गेली, पोरांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी ती कारणं. किमान एका कारणाला हो म्हणणारे पुरुष 44 टक्के निघाले. बायका 45 टक्के. त्यात मीही होते, त्या पोरीची समजूत घालत होते तेव्हा. म्हणून कुणाकडे बोट दाखवायला मी आलेले नाही. लेकीनं भाजी करपवली असेल. ती फटकळ असेल. सासूला टाकून बोललीही असेल. हे सगळं खरं असलं तरी तिच्या अंगावर हात टाकायचा हक्क त्यातून कुणाला मिळत नाही. हे तुमच्या मनात पक्कं नसेल तर पुढचं काहीच होणार नाही.

आता तुमची अडचण. ती मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे "मुलीला शिकवा, पायावर उभं करा" एवढंच म्हणून मोकळी होणार नाही.

दिवाळी सरली की आपली गावं ओस पडतात. शाळेचा पट अर्ध्यावर येतो. ऊसतोडीला एकट्या माणसाला कोण विचारतं? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा म्हणजे अर्धा कोयता. पोरगा सतरा-अठराचा झाला की घरच्यांना त्याचा कोयता पुरा करायची घाई होते, आणि पोरगी तेरा-चौदाची झाली की तुम्हाला भीती वाटते. फडावरच्या झोपडीला, कोपीला, दार नाही, बाहेर अंधार, आपण पहाटे फडात गेलो तर पोरीजवळ कोण? मागं गावात ठेवावी तर म्हाताऱ्या आजीचा काय आधार? मग दहावीआधीच लग्न उरकलं जातं. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणून आपण पोरीला परक्या कोपीत धाडतो, जिथं तिला आपलंही कुणी नसतं. महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या, शंभर मुलींमागं जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं तेच सर्वेक्षण सांगतं.

आणि एकदा ती कोयत्यात बांधली गेली की सुटायला वाट राहत नाही. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, नवऱ्यानं घेतलेली असते, जोडीची. त्यात तिच्या दोन हातांचे पैसे असतात, पण नोटा तिच्या हाताला लागलेल्या नसतात. ते पैसे लग्नाच्या कर्जात, घराच्या पत्र्यात, दारूत केव्हाच गेलेले असतात. फेडायचे मात्र तिनंही, पहाटे तीनला उठून भाकरी थापून, दिवसभर मोळ्या वाहून. रात्री मार खाल्ला तरी सकाळी फडात जावंच लागतं, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. ती कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडातून हंगामाच्या मध्यात निघून आली तर मुकादम तिच्या नवऱ्याला विचारणार, नवरा तुम्हाला. म्हणून ती पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत थांबते. आषाढात दारात उभी राहिलेली लेक कधीकधी पौषातला मार घेऊन आलेली असते. सहा महिने तिनं तो तुमच्यासाठी जपून ठेवलेला असतो, आणि आपण पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, किती दिवस आहेस.

म्हणून घाईनं लग्न लावण्याऐवजी, शाळेला हंगामी वसतिगृह असेल तर पोरीला तिथं ठेवा. नसेल तर ग्रामसभेत मागा. आई-बाप फडात गेल्यावर पोरांनी इथंच राहून शिकावं यासाठीच ती सोय आहे. आणि कुणी अठराच्या आतलं लग्न ठरवलं तर ग्रामसेवकाला सांगा. तो नुसता दाखले देणारा माणूस नाही, कायद्यानं गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे.

लेक दोनदा माघारी आली की भावकीतली चार माणसं जीप करून जातात. मी अशा बैठकी पाहिल्या आहेत. सतरंजी अंथरली जाते, चहा होतो, जुनी सोयरीक निघते. जावई मान खाली घालतो, "पुन्हा होणार नाही" म्हणतो. कुणीतरी स्टॅम्पवर लिहून घ्या म्हणतं. सह्या होतात, पान-सुपारी होते. ज्या मुलीसाठी ही बैठक ती आत चुलीपाशी बसलेली असते. तिला बोलावलं तर सगळ्यांसमोर एकच विचारतात, "नांदायचं ना?" एवढ्या पागोट्यांसमोर ती नाही कशी म्हणेल?

बैठक करूच नका असं मी म्हणत नाही. गावाला गावाचं वजन असतं. पण बैठकीआधी घरात, दार लावून, तिला एकटीला विचारा, तुला काय हवंय. परत जायचंय? वेगळी चूल हवी? नुसता मार थांबायला हवाय? की नकोच आहे? तिला लगेच सांगता आलं नाही तर थांबा. आणि त्या स्टॅम्पपेपरवर फार विसंबू नका. तो मोडला म्हणून उद्या सकाळी कुणी दारात येऊन जावयाला विचारत नाही.

विचारणारा कागद दुसरा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, आणि अजून कितीतरी आई-बापांना वाटतं की "केस" म्हणजे सोडचिठ्ठी. तसं नाही. या कायद्यात संसार मोडावा लागत नाही. तिला हात लावायचा नाही, तिला घराबाहेर काढायचं नाही, तिला आणि पोरांना खर्चाला एवढे द्यायचे, असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती ज्या घरात नांदली तिथं राहायचा हक्क तिला आहे. मारणं तर आलंच, पण कमाई हिसकावून घेणं, उपाशी ठेवणं, मूल होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, मनाविरुद्ध जबरदस्ती करणं, हेही त्या कायद्यात हिंसाच आहे. संरक्षणाचा हुकूम मोडला तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तालुक्याला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते अहवाल लिहून घेतात. ही खबर तुम्हीही देऊ शकता, शेजारीणही देऊ शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका, तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, चपला झिजतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरी मधला हुकूम लवकर मागता येतो, तो मागा. तातडीच्या वेळी 112, आणि बायकांसाठी 181. हे दोन आकडे कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

एक बारीक गोष्ट, पण पुढं फार मोठी होते. वळ असतील, हाड दुखावलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात न्या, आणि केसपेपरवर खरं लिहू द्या. "पाय घसरून पडले", "म्हशीनं ढुसणी दिली" असं आपण सांगतो. दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद तिच्या विरुद्ध उभा राहतो.

एवढं सगळं करूनही एक भिंत उरते. तुमच्या तोंडून मी ती असंख्य वेळा ऐकली आहे. "बाई, आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्या मागं भाऊ-भावजय सांभाळतील का?"

या प्रश्नाशी मी बराच काळ अडले होते. मग एकदा तहसीलबाहेर तीन बहिणी भेटल्या, तिघी माझ्या विद्यार्थिनी. नव्या साड्या नेसून आल्या होत्या. बाप वारला होता, भावाला हक्कसोडपत्र करून द्यायला आल्या होत्या. मी म्हणाले, अगं, का? थोरली म्हणाली, "वाटा घेतला तर माहेर तुटतं बाई." सोबत आलेल्या धाकटीच्या डोळ्याखाली निळं होतं. तिनंही सही केली.

बघा कसं आहे ते. माहेर राहावं म्हणून तिनं वाटा सोडला. आणि वाटा सोडल्यामुळेच ती सणाशिवाय आली की आश्रित ठरली. महाराष्ट्रानं 1994 मध्ये, देशानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला, की बाप 2005 मध्ये हयात होता की नव्हता यावर तो अवलंबून नाही. तरी आपल्याकडं साडीचोळीवर तो सोडवून घेतला जातो, आणि त्याला आपण बहिणीची माया म्हणतो.

तुम्ही हयात असताना हे करा. दोन एकर असेल तर दोन एकरातलं. काहीच नसेल तर घराच्या कडेला एक दहा बाय दहाची पत्र्याची खोली, आणि मुलाला, सुनेला समोर बसवून सांगा की ही तिची आहे, तिला लागो न लागो. भावजयीशी आधी बोललात तर ती दुष्ट निघत नाही, हा माझा अनुभव आहे. तिला न सांगता नणंद आणि दोन पोरं तिच्या चुलीवर आणून बसवली की भांडण होणारच. आणि त्या भावजयीच्या अंगावर तुमचा मुलगा हात टाकत असेल, तर लेकीसाठी तुम्ही मागाल तो न्याय कुठल्या तोंडानं मागणार आहात?

जमिनीचं नाव काढलं की पुरुष मंडळी गप्प होतात. पण हे काही शहरातल्या बायांनी काढलेलं खूळ नाही. 1986 साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांपुढं लक्ष्मीमुक्तीचा विचार ठेवला. घामाच्या दामासाठी भांडणाऱ्यानं आधी आपल्या घरातल्या लक्ष्मीचं देणं फेडावं, जमिनीतला वाटा स्वतःहून तिच्या नावावर करावा. तुमच्या-माझ्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो केला, गावच्या गावांनी केला. सात-बाऱ्यावर नाव असलेल्या बाईला "निघ घरातून" म्हणणं सोपं नसतं.

बापांनो, तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. 1884 साली मुंबईत रखमाबाई नावाच्या तरुणीवर तिच्या नवऱ्यानं दावा लावला, की ही नांदायला येत नाही. लहानपणी लावलेलं लग्न तिला मान्य नव्हतं. 1887 मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. सगळा समाज अंगावर आला. तिच्या मागं तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे राहिले होते. निकाल बघायला ते हयात नव्हते. पुढं ती विलायतेत शिकून डॉक्टर होऊन आली, सुरतेला, राजकोटला बायकांचे दवाखाने तिनं सांभाळले. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. सावत्र बापाला जे जमलं ते आपल्याला का जमू नये, असं मला राहून राहून वाटतं.

आणि घरात हे सगळं बघणाऱ्या मुलांचं काय? एकदा मधल्या सुट्टीत दुसरीची पोरं भातुकली खेळत होती. बाप झालेला पोरगा झोकांड्या देत आला, काठी उगारली. आई झालेल्या पोरीनं पटकन दोन्ही हात डोक्यावर घेऊन मान खाली घातली. कुणी शिकवलं नव्हतं. बाकीची पोरं हसत होती. त्यांना तो खेळातला नेहमीचा भाग वाटत होता. ती दोघं सात वर्षांची होती. मी त्या दिवशी पुढचा तास घेऊ शकले नाही.

आज संध्याकाळी दुधाचं आटोपलं की लेकीला फोन लावा. जावयाची ख्यालीखुशाली नंतर विचारा. आधी विचारा, स्पीकर चालू आहे का गं? तिथं कुणी बसलंय का? असेल तर उद्या दुपारी, ती विहिरीवर किंवा शेतात एकटी असेल तेव्हा पुन्हा लावा. आणि ती "सगळं ठीक आहे" म्हणाली की फोन लगेच ठेवू नका. काही न बोलता थोडा वेळ धरून ठेवा.